साडेसातच्या आत भाकरी: पुण्यात अंगमेहनत करणाऱ्यांसाठी जेवणाचं गणित

सकाळी साडेसातला वारज्याच्या मजूर अड्ड्यावर जाऊन पाहा. बिगारी, गवंडी, रंगारी, फरशीवाले, सगळ्यांच्या हातात चहाचा कागदी कप आणि सोबत खारी नाहीतर पाच रुपयांचा बिस्कीटपुडा. पिशवीत डबा असतो, पण तो दुपारचा. आदल्या रात्री नऊला जेवलेल्या माणसाला नीट जेवण मिळतं ते दुपारी दीडला. मधे साडेसोळा तास गेले आणि त्यातले चार तास घमेली उचलण्यात. अकराच्या सुमाराला हात कापायला लागतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मग टपरीवर दुसरा चहा, वडापाव, एखादी तंबाखूची पुडी.

हा लेख बिगारी, हमाल, कचरावेचक, घरकाम करणाऱ्या बायका आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. यात पनीर, बदाम, ओट्स काही नाही. माझं म्हणणं एकच आहे: पैसा तुम्ही खाण्यावर खर्च करताच, फक्त तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या ठिकाणी जातो. तो सकाळकडे वळवायचा.

पहिली पायरी: तीन दिवसांचा बाहेरचा खर्च लिहा

वहीत लिहा नाहीतर मोबाईलमध्ये बोलून ठेवा. फक्त घराबाहेर तोंडात गेलेल्या गोष्टी. बऱ्याच जणांचा हिशोब असा निघतो: दहाचे तीन चहा, वीसचे दोन वडापाव, दहाचं बिस्कीट, वीसची तंबाखू-सुपारी. झाले १००. महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या तर २,६०० रुपये. एवढ्यात घरातल्या दोन माणसांची महिन्याची डाळ, शेंगदाणे आणि अंडी येऊनही पैसे उरतात.

वडापावला शिव्या घालायचं मला पटत नाही. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात, भुकेल्या माणसाला त्याने खरंच तरतरी येते. पण ती तासाभरात ओसरते, कारण त्यात सगळा मैदा, बटाटा आणि तेल. अंग भरून काढणारी प्रथिनं जेमतेम. फुटाण्याचा भाव किलोला १५० धरला तर त्याच वीस रुपयांत १३० ग्रॅम फुटाणे येतात आणि त्यांत जवळजवळ २८ ग्रॅम प्रथिनं असतात. साडेचार अंड्यांइतकी. फुटाणे खिशात टाकता येतात, उन्हात खराब होत नाहीत, हात धुवायला पाणी नसलं तरी खाता येतात.

दुसरी पायरी: अंगाला किती लागतं ते समजून घ्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी आकडे दिले आहेत. ६५ किलो वजनाचा पुरुष जड काम करत असेल तर त्याला दिवसाला सुमारे ३,४७० कॅलरी लागतात. बसून काम करणाऱ्याला २,११०. ५५ किलोच्या बाईला जड कामात २,७२०. म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या साहेबाच्या दीडपटीहून जास्त जेवण तुमचं हक्काचं आहे. ‘कमी खा, भात सोडा, रात्रीचं जेवण टाळा’ असे व्हॉट्सॲपवर फिरणारे सल्ले त्या साहेबासाठी असतात. तुम्ही ते पाळू नका.

कमी पडतंय का हे पाहायला वजनकाटा पुरतो. उंची १५० सेंटिमीटर असेल तर वजन ४२ किलोच्या खाली नको, १६० ला ४७ आणि १७० ला ५४ किलोच्या खाली नको. काटा नसेल तर पँटचा पट्टा पाहा. तीन महिन्यांत दोन भोकं आत गेलात तर अंग स्वतःलाच खातंय.

तिसरी पायरी: सकाळ

सगळ्यात मोठा बदल इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कुटुंब सोबत असेल तर रात्री दोन भाकऱ्या जास्त टाका. शिळ्या भाकरीला कमी लेखायची पद्धत शहरात आल्यावर लागली. गावाकडे न्याहारी म्हणजे तीच असायची. कुस्करलेली भाकरी, वर ताक नाहीतर दूध, तोंडी लावायला शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. दोन मध्यम भाकऱ्या आणि दोन चमचे चटणी यांत ६०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं बसतात. गॅस पेटवावा लागत नाही, पाच मिनिटांत खाऊन होतं. फक्त उन्हाळ्यात भाकरी गरम असताना डब्यात कोंबू नका, घाम सुटून तिला बुरशी लागते. गार करून कापडात गुंडाळा.

एका खोलीत सहा-आठ जण राहणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे. एक शेगडी, एक नळ, आणि सकाळी सगळ्यांची घाई. त्यांच्यासाठी तीन उपाय, तिन्ही चूल न पेटवता होणारे. एक, रात्री झोपताना मूठभर शेंगदाणे आणि मूठभर हरभरे भिजत घालायचे. सकाळी ते गुळाच्या खड्यासोबत खायचे आणि वर दोन केळी. दोन, हातगाडीवरची उकडलेली अंडी; दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिनं. तीन, सातू. पुण्यातल्या साइटवर बिहारकडचे कामगार फुटाण्याचं पीठ पाण्यात कालवून, मीठ, कांदा, लिंबू घालून घटाघट पितात, त्याला ते सत्तू म्हणतात. आपल्याकडेही सातूचं पीठ होतं, पण ते आपण गोड करून पाहुण्यांसाठी आणि बाळांसाठी ठेवलं. त्यांच्याकडून शिकून घ्या. फुटाणे गिरणीवरून दळून आणले की काम झालं.

चहा सोडायची गरज नाही. तो आधी न पिता खाण्यानंतर प्या, आणि जमल्यास तासाभराने. का, ते पुढे रक्ताच्या भागात येईल.

चौथी पायरी: डबा

डब्यात चपात्या किंवा भाकऱ्या भरपूर असतात, खरी अडचण तोंडी लावण्याची. बटाट्याची भाजी, नाहीतर तिखट तर्रीत चार वांग्याच्या फोडी. धान्य पोट भरतं, पण स्नायूंची झीज भरून काढायला त्याला कडधान्याची जोड लागते. ज्वारी-गव्हात जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत कमी असतं ते धान्यात. आपल्या आज्यांनी भाकरी-पिठल्याची जोडी लावली ती चवीसाठी लावली असेल, पण शास्त्राने तिला पास केलं आहे.

हिशोब सोपा ठेवा: जड काम करणाऱ्या एका माणसाला दिवसाकाठी कोरडी मोजून दोन मुठी डाळ किंवा कडधान्य. एक डब्यात, एक रात्री.

सोमवारी मटकी, मंगळवारी झुणका, बुधवारी चवळी, गुरुवारी मेथी घालून मूगडाळ, शुक्रवारी हुलगे, शनिवारी सोयाबीनच्या वड्या. असाच क्रम हवा असं काही नाही, पण बटाटा आठवड्यात दोनदाच. सोयाबीनच्या वड्यांबद्दल लोक नाक मुरडतात. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, मग कांदा-लसणात परतल्या तर तो उग्र वास जातो. २५ ग्रॅम वड्यांत १३ ग्रॅम प्रथिनं आहेत, इतकं स्वस्त दुसरं काही बाजारात नाही. हुलग्यांचंही तसंच. ‘गरिबाचं खाणं’ म्हणून शहरात आल्यावर आपण ते टाकून दिले.

मोड आणायचे कसे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पुण्याच्या हवेत एक फरक पडतो. सकाळी मटकी भिजवा, संध्याकाळी कामावरून आल्यावर उपसून ओल्या फडक्यात बांधा. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या सकाळी मोड तयार असतात. डिसेंबरच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो. फडकं कुकरमध्ये किंवा पिठाच्या डब्याजवळ ठेवलं तर लवकर येतात. मोडाचं कडधान्य लवकर शिजतं, गॅस वाचतो, आणि त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं.

हिरव्या भाजीसाठी मंडई संध्याकाळी उठायच्या वेळी गाठा. मेथी, पालक, तांदुळजा, चाकवत यांची जुडी दिवसा वीसला असेल तर रात्री त्याच पैशात दोन मिळतात, कारण पालेभाजी विकणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी ठेवता येत नाही. शेवग्याचा पाला तर बऱ्याच वस्त्यांत फुकट असतो. झाड कुणाच्या तरी दारात असतं आणि लोक फक्त शेंगा तोडतात. विचारून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. कांदा घालून कोरडा परतला की भाकरीबरोबर उत्तम लागतो.

डबा आंबण्याचं काय? मार्च ते मे पुण्यात दुपारी पारा ३८–४० च्या घरात जातो. सकाळी सातला भरलेला भात आणि ओलं खोबरं किंवा टोमॅटो घातलेली रस्साभाजी दीडपर्यंत तग धरत नाही. वास आला नाही तरी अशा भाताने पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की दोन दिवसांचा खाडा. या तीन महिन्यांत डब्यात कोरडं न्या: झुणका, परतलेली उसळ, चटणी, कांदा, आणि भाताऐवजी भाकरी. भात रात्री घरी खा. डबा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. ओलं पोतं गुंडाळून सावलीत टांगा.

स्लॅबच्या दिवशी काम सुटायची वेळ ठरलेली नसते. त्या दिवशी नेहमीच्या डब्याशिवाय चार भाकऱ्या आणि गूळ-शेंगदाणे जास्तीचे न्यायचेच.

पाचवी पायरी: रेशन गावाला असलं तरी धान्य इथे घ्या

नांदेड, लातूर, वाशीम, बीडकडून आलेले कितीतरी जण पुण्यात बाजारभावाने गहू-तांदूळ घेतात, कारण रेशनकार्ड गावाला आहे. त्याची गरज नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही सोय महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यापासून आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात नाव असेल तर पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात आधारवर अंगठा लावून धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, आणि हे धान्य सध्या मोफत आहे. कार्ड सोबत बाळगायचीही गरज नाही, त्याचा बारा अंकी नंबर पुरतो. घरातल्या अर्ध्या माणसांनी गावाला आणि अर्ध्यांनी इथे धान्य घेतलं तरी चालतं.

अडचणी दोनच येतात. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली नसते. ती कुठल्याही रेशन दुकानात होते. आणि सिमेंटने बोटं घासून गेल्यामुळे गवंड्यांचा अंगठा यंत्रावर उठत नाही. तेव्हा दुसरं बोट लावून पाहा, रात्री तेल लावून सकाळी जा, किंवा ज्याचा अंगठा उठतो अशा घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. दुकानदाराने ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणून परत पाठवलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. फोन लावताय हे त्याला दिसलं की बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

धान्याचे जे पैसे वाचतील ते डाळ आणि तेलात घाला. फक्त तांदूळ-गव्हावर न राहता महिन्याला थोडी ज्वारी आणि थंडीत बाजरी विकत घ्या. आणि उरलेल्या तांदळाच्या बदल्यात साबणचुरा देणाऱ्या फेरीवाल्याला दारातूनच वाटेला लावा.

सहावी पायरी: बाहेर जेवावंच लागलं तर

बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची सोय सुरू केली, ती नेमकी याच कारणासाठी. ओझं वाहणाऱ्या माणसाला बाजारात परवडेल असं पोटभर, स्वच्छ जेवण मिळावं. मार्केट यार्ड भागात काम असेल तर वडापावच्या गाडीआधी तिकडे वळा. १० रुपयांची शिवभोजन थाळी जिथे सुरू आहे तिथे तीही घ्या, पण तिच्यात दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भात असतो. घमेलं उचलणाऱ्याला एवढ्याने पुरत नाही. घरून आणलेली एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे सोबत ठेवा.

महिन्याची खानावळ लावलेल्यांनी मालकाला दोन गोष्टी सांगाव्यात. तर्रीऐवजी घट्ट वरण, आणि आठवड्यातून तीनदा अंडी किंवा उसळ. आठ जण मिळून बोललात तर तो ऐकतो, एकट्याचं कुणी ऐकत नाही.

सातवी पायरी: रक्त, आणि बायकांचं ताट

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. आणि कष्टकऱ्यांच्या बहुतेक घरांत बाई शेवटी जेवते. नवऱ्याला आणि पोरांना वाढून झालं की पातेल्यात राहतो तो रस्सा. डाळ तळाशी नसतेच, ती आधीच वाढलेली असते. चार घरची भांडी करून, पाठीवर कचऱ्याची पिशवी वाहून, किंवा साइटवर विटा उचलून आलेली बाई रस्सा-भाकरी खाते आणि ‘मला भूकच नसते’ म्हणते. भूक नसण्याचं एक कारण मिश्री असतं. मिश्री, तंबाखू, पुडी, सगळ्यांनी भूक मरते. भूक मरते म्हणूनच त्यांची सवय लागते, हे कुणी उघड बोलत नाही.

उपाय: वाढायच्या आधी पाच वाट्या मांडायच्या. घरात पाच माणसं तर डाळीच्या पाच वाट्या, पातेलं रिकामं करायचं, मग जेवायला बसायचं. यात शिकवण काही नाही, फक्त भांड्यांची मांडणी आहे, आणि म्हणून ते जमतं. बाईने सगळ्यांबरोबर बसणं एकदम जमलं नाही तरी तिची वाटी बाजूला राहते.

गूळ खाल्ला की रक्त वाढतं यावर विसंबू नका. त्यात लोह असतं, पण दिवसाकाठी आपण खातो त्या खड्यातून फारसं काही पदरात पडत नाही. बाजरी, मटकी, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा कलेजी किंवा सुकट यांचा उपयोग होतो. त्यावर लिंबू पिळा, थंडीत आवळा किंवा पेरू खा. आंबटातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. आणि चहा नेमकं उलटं करतो, जेवणातलं लोह अडवतो. म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको. कालवण लोखंडी कढईत केलं तर त्यातूनही थोडं लोह मिळतं.

उपवासाबद्दल भीत भीत लिहितो. श्रद्धेला माझी ना नाही, पण साबुदाणा म्हणजे नुसती खळ. चतुर्थी, एकादशी आणि श्रावणातले सोमवार कामाच्या दिवशी करायचेच असतील तर वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि ताक असं पोटभर खा. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्याने निर्जळी करू नये.

सतत दम लागणं, पापण्यांच्या आत पांढरं पडणं, माती किंवा खडू खावासा वाटणं, ही रक्त कमी असल्याची लक्षणं. महापालिकेचा जवळचा दवाखाना, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय किंवा ससून, कुठेही हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुरुषाचं १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर नुसत्या जेवणाने भरून निघायला फार वेळ जातो. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरून ती बंद करू नका.

पूर्ण शाकाहारी असाल आणि दूध-ताकही मिळत नसेल तर हातापायांना मुंग्या येण्याकडे दुर्लक्ष करू नका. ते ब-१२ कमी असल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

आठवी पायरी: पाणी

उन्हात काम असेल तर तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. घामाने अंगावर मिठाचे पांढरे डाग पडत असतील तर दुपारी मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. जुलाब झाले किंवा फार गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. रंगीत थंड बाटलीचे वीस रुपये वाचवा. कुणी उन्हात बडबडायला लागलं, अंग भाजतंय पण घाम थांबलाय, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

साइटवरच्या बायका पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. लघवीची आग आणि मुतखडा तिथून सुरू होतो. हा आहाराचा प्रश्न नाही, ठेकेदाराचा आहे. हे वाचणारा कुणी ठेकेदार किंवा सुपरवायझर असेल तर त्याने पत्र्याचा का होईना, आतून कडी लागणारा एक संडास आधी उभारावा.

नववी पायरी: लेकरं आणि दवाखाना

सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचं आणि गरोदर बाईचं नाव जवळच्या अंगणवाडीत घाला. गाव दुसरं असलं तरी घालता येतं, खाऊ आणि वजन-तपासणी फुकट आहे. मुलाच्या हातात दहाचा कुरकुऱ्यांचा पुडा देऊन कामाला जाण्यापेक्षा चटणी-तेल लावलेली अर्धी भाकरी गुंडाळी करून द्या.

पोटभर जेवूनही वजन उतरत असेल आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत असतात, आणि उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी पाहा.

सुरुवात कुठून?

सगळं एकदम करू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी तासभर काढा. अर्धा किलो शेंगदाणे भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून चटणी कुटा. पाव किलो जवस किंवा कारळ मिळालं तर त्याचीही. एक किलो फुटाणे आणून सहा पुड्या बांधा, रोज एक खिशात. मटकी भिजत घाला. एक रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि त्यावर भांड्याच्या दुकानातूनच नाव कोरून आणा. साइटवर सगळ्यांचे डबे सारखेच दिसतात, आणि मटकीची उसळ असलेला डबा सगळ्यात आधी चुकून उघडला जातो.